माणसे जोडायची तर सहल हा एकच उपाय आहे काय?

मोठ्या कंपन्यांत 'टीम बिल्डिंग' नावाचा प्रकार आता चांगलाच रूढ झाला आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपल्या माणसांना वर्षातून एकदोनदा रिसॉर्टवर नेतात, दोरीवरून चालवतात, डोळ्यांवर पट्टी बांधून खेळ खेळवतात आणि संध्याकाळी जेवण घालून परत आणतात. हे सर्व करून देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत व त्यांचे माणशी दर ठरलेले आहेत. मोठ्यांचे पाहून लहानही विचारू लागतात. अल्लीपूरसारख्या बाजारगावातला कापड दुकानदार, पाचसहा मशिनी चालवणारा शिलाईचा उस्ताद आणि जिनिंगचा ठेकेदार या सर्वांपुढे हा सवाल आहे. आपल्या माणसांत एकोपा राहावा म्हणून आपण काही करावे काय, आणि करावे तर नेमके काय?

सवाल रास्त आहे. चार माणसांच्या दुकानात कसली आली टीम, असे म्हणून पुष्कळ व्यापारी हसतात. परंतु हिशेब करून पाहावा. दोनशे माणसांच्या कारखान्यात दोघांचे बोलणे बंद झाले तर काम अडत नाही. चार माणसांच्या दुकानात काउंटरवरचा आणि माप घेणारा एकमेकांशी बोलत नसतील तर अर्धे दुकान बंद पडल्यासारखेच आहे. गिऱ्हाईकाने सांगितलेली बाहीची लांबी कारागिरापर्यंत पोहोचत नाही, कपडा बिघडतो, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. दहा वर्षे हाताखाली तयार झालेला कारागीर कंटाळून नागपूरला निघून गेला तर त्याच्यासोबत त्याचा हात जातो आणि त्याच्या ओळखीची गिऱ्हाईकेही जातात. म्हणून ही बाब लहान माणसासाठीच अधिक मोलाची आहे.

आधी दुखणे ओळखावे

हकीम नाडी पाहिल्याशिवाय पुडी देत नाही. येथे मात्र पुडी आधी ठरते. सहल काढायची हे पक्के असते, कशासाठी काढायची ते कोणी विचारत नाही. माझ्या मते दुखणी चार प्रकारची असतात आणि चारही ठिकाणी उपाय वेगवेगळे आहेत.

माणसे नवी असतील, एकमेकांना ओळखत नसतील, तर सोबत बसून जेवण पुरते. माणसे जुनी आहेत पण एकाला दुसऱ्याच्या कामाची कदर नाही, तर त्यांना एकमेकांच्या जागी बसवावे लागते. काम तेच ते झाल्यामुळे मरगळ आली असेल तर सहल किंवा नवे काही शिकणे कामास येते. आणि चौथे दुखणे म्हणजे मजुरी वेळेवर मिळत नाही, उचल घेतलेल्या रकमेचा हिशेब साफ नाही, एकाला जास्त व एकाला कमी अशी वागणूक आहे. या चौथ्या दुखण्यावर जगातला कोणताही खेळ चालत नाही. महिन्याची मजुरी थकलेल्या माणसाला बोर धरणावर नेऊन पुरी-भाजी खाऊ घातली तर तो मनात एवढेच म्हणेल, की या बसच्या भाड्यात माझे पैसे निघाले असते.

आपल्याच विदर्भातील दाखला पाहा. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. सुरुवातीला कामगारांच्या गैरहजेरीने गिरणी हैराण होती. मालकाने दंडाचा मार्ग धरला नाही. तेथे १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. खेळांचे दिवस, कुटुंबांचे मेळावे, बक्षिसे हेही झाले, परंतु भाकरीची हमी आणि जलसा हे दोन्ही हातात हात घालून आले. ती गिरणी आता उरली नाही, पण तिचा धडा शिल्लक आहे.

रस्सीखेचीचे गणित

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक साधा प्रयोग केला. माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. एकटा माणूस जितका जोर लावी, तितका तो घोळक्यात लावीत नसे. आठ जण एकत्र ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर आला होता. याची कारणे दोन. सर्वांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, हे एक. आणि आपण थोडे ढिले सोडले तरी कोणाला कळणार, ही मनातली चोरी, हे दुसरे.

यातून उपक्रम निवडण्याची पहिली कसोटी मिळते. ज्यात प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो, असे काम निवडावे. क्रिकेटचा सामना ठेवला तर दोन तरुण खेळतात आणि बाकीचे सीमेवर उभे राहतात. चाळिशी ओलांडलेला कटिंग मास्टर, गुडघेदुखीचा म्हातारा रफूगर, काजबटन करणाऱ्या बाया, हे सर्व त्या दिवशी प्रेक्षक होतात. वर्षभर दुकान ज्यांच्या हातावर चालते तेच बाजूला पडले तर एकोपा वाढला की तुटला?

वर्धा जिल्ह्याचा स्वतःचा नमुना

या विषयात आपण रिसॉर्टवाल्यांकडून शिकावे अशी गरजच नाही. आपल्या जिल्ह्यात हे काम फार आधीपासून होत आले आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. तेथे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याप्रथम पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात राहावे लागते. श्रीमंताचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी सोबत झाडू मारतात, सूत कातायला शिकतात, एका पंगतीत जेवतात. पुढे सोबत काम करायचे आहे त्यांची गाठ आधी श्रमाने बांधली जाते.

दुसरा नमुना २०१७ चा. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत त्या वर्षी राज्यातील ३० तालुके होते आणि पहिला क्रमांक आला आर्वी तालुक्यातील काकडदरा या लहानशा गावाचा. बक्षीस ५० लाख रुपयांचे होते. पंचेचाळीस दिवस गावाने कुदळ-फावडे चालवले. या स्पर्धेत कामाच्या आधी गावोगावच्या निवडक माणसांना प्रशिक्षण दिले जाई आणि त्यात पाणलोटाच्या माहितीसोबत खेळही असत. खेळ होते, पण खेळापाठोपाठ खरे काम उभे होते. चर किती खोदला ते मोजता येत होते. शिवाय फळ सर्वांच्या विहिरीला मिळणार होते. मालकाच्या शेतात चर खोदायला नेले असते तर ती वेठ झाली असती. श्रमदान आणि वेठ यांत फरक हाच आहे, की फायदा कोणाचा.

दुकानात काय करता येईल

आता आपल्या धंद्यापुरते बोलू. माझा अनुभव असा, की कामाच्या जवळचा उपक्रम जास्त टिकतो.

पहिला प्रकार अदलाबदलीचा. महिन्यातून अर्धा दिवस काउंटरवरच्या मुलाने कारागिराशेजारी बसावे, अस्तर लावताना, कॉलर बसवताना किती वेळ जातो ते पाहावे. मग तो गिऱ्हाईकाला 'उद्या सकाळी देतो' असे बेधडक सांगणार नाही. कारागिराने काउंटरवर उभे राहून गिऱ्हाईकाचे चार बोल ऐकावेत. मग मापाच्या वहीतील अक्षरामागे माणूस आहे हे त्याला समजेल. यास खर्च शून्य आहे.

दुसरा प्रकार मालाच्या मोजदादीचा. वर्षअखेरीस ताके मोजायचेच असतात. जे दोघे एकमेकांपासून दूर राहतात त्यांची जोडी लावावी, एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. काम संपल्यावर सर्वांनी सोबत जेवावे. वेळ जास्त लागला तर त्याची मजुरी द्यावी.

तिसरा प्रकार पाहण्याचा. सहलच काढायची तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात न्या. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले. तेथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत, खादी आणि ग्रामोद्योगाचा इतिहास आहे. ज्याचे आयुष्य कपड्यात गेले त्या कारागिराला तेथे स्वतःच सांगण्यासारखे पुष्कळ असते. गप्प राहणारा रफूगर तेथे उस्ताद होतो आणि पोरे ऐकतात.

काही पथ्ये

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नये. तो दिवस माणसाच्या घरच्यांचा आहे. तो घेऊन वर उपकार दाखवला तर राग मनात राहतो. पोळा, दिवाळी, ईद आणि लग्नसराईचे दिवस टाळावेत, रमजानमध्ये दुपारचे जेवण आणि मैदानी खेळ ठेवू नयेत. आपल्या दुकानांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात, म्हणून स्वयंपाक असा असावा की कोणाला ताट बाजूला घेऊन बसावे लागणार नाही. बाया कामाला असतील तर दिवस मावळण्याआधी त्या घरी पोहोचल्या पाहिजेत. ज्याला यायचे नाही त्याच्यावर जबरदस्ती नको व त्याची मजुरीही कापू नये.

आणि मालकाने स्वतः काय करावे? एका व्यापाऱ्याने सहल काढली, माणसे सतरंजीवर आणि शेठचे कुटुंब झाडाखाली खुर्च्यांवर, त्यांचे डबेही वेगळे. परत आल्यावर त्या दुकानात महिनाभर त्या डब्यांचीच चर्चा होती. खर्च झाला आणि दरी वाढली. मालक हजर असेल तर त्याने वाढपी व्हावे. ते जमत नसेल तर त्याने घरी राहावे, माणसे मोकळी बोलतील.

कोणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा दिवाळीत दोनशे रुपये जास्त दिलेले बरे. पैसे द्यावेतच, त्याला कोणाची ना नाही. परंतु पैशाने माणूस आपल्याशी बांधला जातो, एकमेकांशी बांधला जात नाही. सीझनच्या दिवसात रात्री एक वाजता शिलाईचा ढीग पडलेला असतो, एक कारागीर आजारी पडतो आणि दुसरा न सांगता त्याचे कपडे ओढून घेतो, तेव्हा त्या ओढून घेण्याची मजुरी कोणत्याच वहीत लिहिलेली नसते. दुकान त्यावर चालते.

व्यापारी बांधवांना माझा मशवरा एवढाच आहे. या वर्षी कोणताही कार्यक्रम ठरवण्यापूर्वी आपल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या माणसाला वेगवेगळे बसवून विचारा, की येथे काम करताना काय अडते. दोघांचे उत्तर ऐका, उचलीचा हिशेब साफ करा आणि मग दिवस ठरवा. त्या दोघांनी सांगितलेल्या अडचणीवर जो उपक्रम लागू पडतो तो निवडावा, मग तो स्वस्त असो की महाग.