रुमाल नेमका कुणाचा?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा अडली. मालक खरोखर चढणार आहे का, हे कुणी विचारत नाही. कॉग्निटिव्ह रेडिओपुढचं मोठं संकट नेमकं या जातीचं आहे. परवानाधारकाचा रिकामा लहरींचा पट्टा ओळखायचा, वापरायचा आणि मालक येताच सोडायचा, हे या रेडिओचं काम.

‘माहिती कूटबद्ध केली की काम भागलं,’ असं पुष्कळांना वाटतं. कुलूप पेटीला लागतं. इथे पेटी ठेवायलाच जागा मिळत नाही. हल्लेखोर टीव्ही केंद्राची नक्कल करणारा संकेत सोडतो आणि प्रामाणिक रेडिओ निमूट उठतात. चोरीला काहीच जात नाही, पण पोचतही काही नाही. अनेक रेडिओंनी मिळून कानोसा घेतला, तरी ‘एकानेही भरलेलं म्हटलं की सगळ्यांनी उठायचं’ असा नियम असेल, तर एकच लबाड पुरतो.

‘मग कानोसा सोडा, कोणत्या गावात कोणता पट्टा रिकामा याची नोंदवही पाहा,’ हा दुसरा पक्ष. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१० मध्ये टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांसाठी हाच मार्ग धरला. पण रेडिओलाच बनावट जीपीएस संकेताने चकवलं, तर नोंदवही चुकीच्या गावाचा उतारा देते. शिवाय पट्ट्याचा मालक नौदलाचं रडार असेल, तर ते जहाजाबरोबर फिरतं. म्हणून ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेतच नोंदवहीच्या जोडीला किनाऱ्यावर संवेदकही बसवावे लागले.

‘एवढी कटकट असेल तर वाटणीच नको,’ हेही पटत नाही. पालघरच्या गावांत आयआयटी मुंबईने टीव्हीच्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवण्याचे प्रयोग केले. गावाला इंटरनेट हवं असताना पट्टा रिकामा ठेवण्यात कसलं शहाणपण?

आमचं म्हणणं एवढंच: दाव्याची शहानिशा करा. टीव्हीचा मनोरा जागचा हलत नाही. तेव्हा संकेत कुठून येतोय हे अनेक ठिकाणच्या तीव्रतेवरून काढायचं आणि मनोऱ्याच्या ठिकाणाशी ताडून पाहायचं. चेन आणि पार्क या संशोधकांनी २००६ मध्ये हाच रस्ता दाखवला. फिरत्या वायरलेस माइकला ही कसोटी लागू पडत नाही. त्याच्यासाठी आगाऊ नोंदणी किंवा सहीचा संकेत हवा. कानोसा घेऊन अहवाल देणाऱ्या साक्षीदार रेडिओंचं वजनही त्यांच्या आजवरच्या खरेपणावरून ठरावं. कूटलेखन हवंच, पण आधी त्या अहवालांवरच्या सहीसाठी.

खरा मालक आला तर उठायलाच हवं. नुसता रुमाल पाहून मात्र नाही.