पाईपला जात असते

नगररचनावाल्या साहेबांनो, ती रंगीत पेन्सिल जरा खाली ठेवा. आज आम्ही बोलणार आहोत.

मी गोदीतला कंत्राटी कामगार. दहावी पास. कविता करतो. आमची वस्ती गोदामांच्या मागं, चिखलात भराव टाकून उभी राहिलेली. आठ दारांचा एक संडास, त्यातल्या तीन दारांना कडी नाही. पावसाळ्यात खालची टाकी भरते आणि आमचाच गू आमच्या उंबऱ्याशी येतो. आई तो खराट्यानं मागं लोटते, हात धुते आणि मग स्टोव्ह पेटवते. ज्याला हे वाचून घाण वाटली त्यानं खुशाल नाक दाबावं. आम्हाला दाबायला तेवढी सवड नाही.

आज्यापासून आम्ही ड्रेनेजची लाईन मागतोय. कचेरीत उत्तर एकच : हा पट्टा नकाशावर जांभळा, म्हणजे औद्योगिक. इथं माणसं राहतात असं धरलेलंच नाही, मग वाहिनी कुणासाठी टाकायची? तीन पिढ्या हगल्या, मुतल्या, मेल्या, पण कागदावर जन्मल्याच नाहीत!

आता पट्टा पिवळा होणार. निवासी. पोरांनी पेढे वाटले. मी पाळी सुटल्यावर कचेरीत जाऊन नकाशा बघितला. नवी वाहिनी आहे, खोटं कशाला बोलू. आमच्याच गल्लीच्या पोटाखालनं जाते. पण जोडण्या पुढच्या टॉवरना. आमच्या जागेवर फक्त रेघांची जाळी. विचारलं तर म्हणाले, आधी पात्रता सिद्ध करा. पात्रतेची तारीख आधी १९९५ होती, मग २००० झाली, मग पैसे भरून २०११. आमचे कागद २६ जुलै २००५ च्या पुरात गेले. गटार नव्हतं म्हणून पाणी तुंबलं, पाणी तुंबलं म्हणून कागद गेले, कागद गेले म्हणून गटार नाही. आहे की नाही गंमत?

जमीन जांभळी होती तेव्हा आम्ही रहिवासी नव्हतो. जमीन निवासी झाली, तर आता रहिवासी दुसरेच! गावात महारवाड्याला गावकूस होती. इथं पेन्सिलीची रेघ आहे. दगड निदान दिसत तरी होता.

साहेब हसून म्हणाला, ‘अरे, पाईपला का जात असते?’

असते साहेब. ऐका. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात शॉ नावाचं बारकं गाव. सुमारे पंधराशे काळे, हजार गोरे. गोऱ्यांपैकी ९९ टक्के लोकांना मलवाहिनी, काळ्यांपैकी जवळजवळ २० टक्के लोकांना नाही. आणि वाहिनी नसलेली जेवढी घरं होती, त्यातली ९७ टक्के काळ्यांच्या मोहल्ल्यांत. काळे रहिवासी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, वर लढले. १९७१ साली अपील कोर्टानं सांगितलं : हेतू सिद्ध करायची गरज नाही, वाटणीच बोलते. पुढच्याच वर्षी मुंबईत काळ्या पँथरांचं नाव घेऊन आपली पँथर उभी राहिली. पण १९७६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका खटल्यात दार लोटून घेतलं : नुसता परिणाम दाखवून भागणार नाही, हेतू दाखवा.

हेतू! हीच ती शहाण्यांची पळवाट. इथंही कुणाचाच हेतू वाईट नसतो. इंजिनियरचा नसतो, बिल्डरचा नसतो, नगरसेवकाचा तर नसतोच. फक्त पाईप आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन दुसरीकडं वळतो.

आणि तो पाईप तुंबला की आत कोण उतरतं? तिथं पात्रता कुणी विचारत नाही. माझा मामा ठेकेदाराच्या दोरीनं उतरला होता. वर आला तो मढं होऊन. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणं गुन्हा ठरवलं. गटारात मेलेल्याची भरपाई सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. मढ्याचा भाव वाढला. जिवंताच्या संडासाला अजून पाईप नाही.

मित्रांनो, आता आपल्याकडं बोट. मी गटारावर डझनभर कविता लिहिल्या, टाळ्या घेतल्या. नकाशा एकदाही उघडला नव्हता. आपले पुढारी संडासाच्या फिती कापत हिंडतात आणि खाली वाहिनी आहे का टाकी, हे विचारत नाहीत. आपण शिव्या देण्यात पटाईत झालो आणि त्यांनी तेवढ्यात रंग बदलला.

मुंबई हायकोर्टानं डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा म्हणून माणसाचं पाणी नाकारता येत नाही. मग पाणी आलं तर सांडपाणी काय हवेत उडणार? जिथं माणूस तिथं पाईप. आधी पाईप, मग रंग, मग तुमच्या तारखा. आपली मागणी एवढीच, आणि ती मवाळ मुळीच नाही.

१९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम ३७ खाली, आराखड्यात फेरबदल करायचा तर नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. नोटीस बारक्या अक्षरात असते, कारण आपण वाचू नये. वाचा. वस्तीतल्या प्रत्येक घराची हरकत गेली पाहिजे. अंगठेवाल्या म्हातारीचीसुद्धा. आणि सुनावणीला एकटं जाऊ नका. सगळी गल्ली न्या.

बाबासाहेब महाडला तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. आपणही नकाशावर जायचं ते रंग बघायला नव्हे.

आईनं काल पुन्हा खराटा धुवून उन्हात ठेवला. पाऊस जवळ आलाय.

जयभीम.