आधी नाव, मग ॲप

सबमिशन संपलं की होस्टेलची पोरं नांदूर मध्यमेश्वरला पळतात. फोटो काढायचा, ॲपला विचारायचं, इंग्रजी नाव स्टेटसला टाकायचं, झालं पक्षीनिरीक्षण! ॲपला माझा विरोध नाही. पण ते उत्तर देतं, बघायला शिकवत नाही. आपली मराठी नावं नेमकं तेच शिकवतात. हळदीकुंकू बदक घ्या: काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके. वारकरी अंगाने काळा, कपाळी पांढरा टिळा. आणि चमच्याची चोच म्हणजे मेसमधला चमचाच! अशा नावांना वेगळं पाठांतर लागत नाही.

गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे झालेली ही पाणथळ २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. जागेला जगाचा शिक्का मिळाला, पण नावं मात्र बोलणाऱ्यांबरोबर चालली आहेत. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त ती जपून ठेवली. २०२५ मध्ये तेही गेले.

म्हणून दोन सूचना. लायब्ररीने 'पक्षिकोश' सहज हाती लागेल असा ठेवावा. आणि पुढच्या ट्रिपला पहिला अर्धा तास मोबाईल खिशात, वही हातात. चोच, पाय, रंग, चाल लिहा, गावकऱ्यांना नाव विचारा. मग खुशाल ॲप उघडा. बघा पटतंय का!