काढा ओतण्याआधी दोन शब्द

थंडी पडली की राहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे दिसायला लागतात आणि आपल्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. कडुलिंब टाका, हळद टाका, तुळशीचा काढा ओता. गेल्या हिवाळ्यात आपल्याच एका सभासदाने कडुलिंबाच्या काढ्याच्या दोन बादल्या तलावात ओतल्या. मासळी मरायची थांबली नाही. त्याला दोष देऊ नका, सल्ला आपणच दिला होता.

जरा हिशोब करू. एक हेक्टर तलावात एक मीटर पाणी म्हणजे एक कोटी लिटर. दोन बादल्या म्हणजे 40 लिटर. अडीच लाख लिटर पाण्यात एक लिटर काढा! त्याने एरोमोनाससारखा जंतू कसा मरणार? आणि डोस वाढवत गेलो तर आधी पाण्यातलं प्लवक जातं, मग मासळी. झाडपाल्याचं औषध कधी बाधत नाही, असं निदान आपण मच्छीमारांनी तरी म्हणू नये. मोहाची पेंड हेक्टरी 2,500 किलो टाकतात ती नको असलेली मासळी मारायलाच ना? नंतर तीन आठवडे बीज सोडत नाहीत.

मग हे सगळं खोटं का? नाही. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी राहूच्या बोटुकल्यांना 60 दिवस खाद्यातून लसूण दिला, किलोमागे 1 ते 10 ग्रॅम. वेगळ्या प्रयोगात हळद दिली, 5 ग्रॅमपर्यंत. मग एरोमोनास टोचला. लसूण-हळद खाल्लेली बोटुकली जास्त जगली. हे 2007-08 च्या सुमाराचं काम आहे, नवीन नाही. पण क्रम बघा: आधी निरोगी मासळीला खाऊ घातलं, रोग नंतर आला. आपण नेमकं उलटं करतो. चट्टे आल्यावर धावतो, तेव्हा आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही.

म्हणून आमचं मत असं की हे काम दिवाळीच्या आधीच सुरू व्हावं. लसूण ठेचून थोडा वेळ ठेवायचा आणि कच्चाच पेंड-कोंड्यात कालवायचा. उकळला की त्याचा गुण जातो, घरात भाजीला फोडणी देताना वास कसा उतरतो तसं.

आणि चट्टा दिसला की आधी दोन-चार मासे हातात घेऊन बघा. ऊ लागलेली असेल तर ती डोळ्यांना दिसते. कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी. त्यावर लसूण काय करणार? बीज गच्च सोडलंय का, तळाला गाळ किती, चुना कधी टाकला, हे प्रश्न त्याही आधीचे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर बंदच आहेत, कुणी गुपचूप आणून देत असेल तरी घेऊ नका.

राहिल्या ‘हर्बल’ बाटल्या. ज्या बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेलं नाही, ती संस्थेच्या पैशातून घेऊ नये, असं आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत. त्याऐवजी एकाच तलावात दोन हापे लावू. बीज सारखं, खाद्य सारखं, फक्त एकात लसूण. फाल्गुनात दोन्हीकडची मासळी सगळ्यांसमोर मोजू. हाप्याची जाळी संस्थेकडे पडून आहे, तलाव कोण देतो ते कमेंटमध्ये सांगा.