निसर्गचित्रे आणि वेळवाचक शब्दांचे अध्यापन

परभाषकांना मराठी शिकविताना चित्रांचा आधार घेण्याची पद्धत जुनी आहे आणि तिचा दोषही तितकाच जुना. चित्राखाली शब्द छापला जातो, विद्यार्थी तो पाठ करतो आणि चित्राचे काम संपते. आंबा, घागर, बैल यांच्यापुरते हे चालते. पहाट, झुंजूमुंजू आणि सकाळ यांच्यामध्ये मात्र कोणी रेघ ओढलेली नाही. येथे प्रश्न वस्तूचा नसून उजेडाचा असतो, आणि उजेड हाच ज्याचा विषय आहे ते निसर्गचित्र या कामी तक्त्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

क्लोद मोने याने 1872 मध्ये रंगविलेले ल आव्र बंदराचे सूर्योदयाचे प्रसिद्ध चित्र शीर्षक झाकून वर्गात ठेवावे. धुक्यातला तो तांबडा गोळा उगवतीचा की मावळतीचा, हे नुसत्या रंगांवरून ठरविणे सोपे नाही. तक्त्याच्या दृष्टीने हा उणेपणा; भाषाध्यापनाच्या दृष्टीने हाच लाभ. ‘तांबडे फुटले’ म्हणणाऱ्याला आणि ‘सांजावले’ म्हणणाऱ्याला आपापली बाजू मराठीत मांडावी लागते. कोणी ‘दिवेलागण’ म्हणालाच, तर दिवा कोठे आहे, असे त्याला विचारता येते. कारण तो शब्द घरातल्या एका कृतीवरून आला आहे, जसा ‘गोरज’ परतणाऱ्या गुरांनी उडविलेल्या धुळीवरून. ‘कातरवेळ’ तर रंगविताच येत नाही. तिचा निम्मा भाग पाहणाऱ्याच्या मनात असतो. या सर्वांपुढे ‘संध्याकाळ’ एवढाच अर्थ देणारी तळटीप बालकवींच्या वा महानोरांच्या कवितेचा वाचक घडवू शकत नाही, मग तो वाचक परभाषक असो की शहरात वाढलेला मराठीभाषक.

व्याकरणाचा लाभ याहून मोठा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. उजाडले, फटफटले, सांजावले, गडगडले: या क्रियापदांना कर्ता नाही. मराठी व्याकरणात त्यांना भावकर्तृक म्हणतात. इंग्रजीसारख्या भाषेत अशा ठिकाणी एक नाममात्र सर्वनाम कर्त्याच्या जागी बसवावे लागते. त्या सवयीचा विद्यार्थी मराठीतही कोणी करणारा शोधत राहतो. माणूस नसलेल्या निसर्गचित्रासमोर ‘येथे काय झाले आहे?’ एवढेच विचारले की, उत्तर एकाच क्रियापदात येऊ शकते. कर्त्याचा अभाव तेथे समजावून सांगावा लागत नाही, तो दिसतो.

तथापि कोणतेही चित्र चालेल, असा याचा अर्थ नव्हे. मोनेच्या 1890-91 मधील गवताच्या गंजींच्या मालिकेतील एका चित्राच्या शीर्षकात उन्हाळ्याची अखेर आहे. त्यात गव्हाची कापणी उरकलेली आणि ऊन मवाळ झालेले आहे. मराठीत उन्हाळ्याची अखेर म्हणजे भेगाळलेली जमीन, वळीव आणि मृगाची वाट पाहणारा शेतकरी. भाषांतर बिनचूक, आणि तरीही विद्यार्थी भलत्याच हवेत जाऊन पोहोचतो. म्हणून पहिला धडा मोनेवर बेतला, तरी दुसऱ्या धड्यात कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (निधन 1931) यांनी रंगविलेला रंकाळ्याचा व कोटितीर्थाचा परिसर यावा. मळभ, झाकोळ, कोवळे ऊन हे शब्द ज्या हवेत रुळले, त्याच हवेत ती चित्रे रंगली आहेत.

काही शब्द चित्राच्या आवाक्याबाहेरच राहतात. उकाडा अंगाला कळतो, डोळ्यांना नव्हे. ‘उघडीप’ म्हणायची तर आधी पाऊस झालेला असावा लागतो. एका चित्रात तो ‘आधी’ मावत नाही, दोन चित्रे शेजारी ठेवावी लागतात. शिवाय एक साधी अडचण छपाईची. स्वस्त प्रतिकृतीत पिवळा रंग जरा चढला की सकाळचे ऊन दुपारचे होते. पाठ्यपुस्तक मंडळे चित्रांच्या छपाईवर खर्च करायला तयार नसतील, तर रंग फिरलेली चित्रे छापण्यापेक्षा विद्यार्थ्यांना दिवेलागणीच्या सुमारास वर्गाबाहेर नेलेले बरे.