यलमलमच्या आदल्या दिवशी

पूर्वी हजहून परतलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक दोन गोष्टी हमखास विचारत. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटले, आणि समुद्र कसा होता? आता दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. मुंबईहून जेद्दा पाच-सहा तासांवर आले आहे. नाश्ता इकडे, असरची नमाज तिकडे. सोय मोठी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्या समुद्राबरोबर आमच्या घरातल्या बायांचे काहीतरी गेले, ते इथे लिहून ठेवावेसे वाटते.

मुंबई ते जेद्दा हे अंतर सुमारे 2,300 सागरी मैल. ताशी बारा मैलांनी जाणाऱ्या जहाजाला आठ दिवस लागायचे, मध्ये कुठे थांबले तर जास्त. ही वाहतूक बरीच वर्षे मुघल लाइनकडे होती. ही कंपनी 1877 साली निघाली आणि 1986 मध्ये भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली. ‘मोहम्मदी’, ‘अकबर’, ‘नूरजहाँ’ ही तिच्या जहाजांची नावे जुन्या हाजींच्या तोंडी नातेवाइकांसारखी असत. विमानापेक्षा जहाजाचे तिकीट स्वस्त, म्हणून गरिबाचा हज म्हणजे जहाजाचा हज. 1995 साली तो बंद झाला.

आमच्या दादी 1974 च्या हंगामात ‘अकबर’ने गेल्या. बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. चौसाळ्याहून एसटीने सोलापूर, तिथून रेल्वेने मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम. तोवर त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. विहिरीचा तळ मात्र भरपूर पाहिला होता. दोन दिवस जहाज लागले, उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी फजरला उठून बसल्या आणि चक्रावल्या. चूल नाही, झाडलोट नाही, पाणी आणायचे नाही. “उठके क्या करूं, ये समजेच नै,” असे त्या सांगत. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत असा दिवस पहिलाच.

पण त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा यायचा तो शेवटाकडचा एक दिवस. अरबी समुद्र ओलांडून, एडन मागे टाकून जहाज बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरे. तिथून जेद्दा दोन-अडीच दिवस. जेद्दाच्या काही तास आधी यलमलमची सीध येते. यलमलम हा मक्केच्या दक्षिणेकडचा डोंगर, येमेनच्या बाजूने येणाऱ्यांचा मीकात. त्याच्या समोर आल्यावर जहाजाचा भोंगा वाजे. त्याआधी एहराम बांधलेला हवा.

म्हणून आदला दिवस तयारीचा. एकदा एहराम बांधला की नखे काढता येत नाहीत, केस कापता येत नाहीत, अत्तर लावता येत नाही. त्यामुळे जो तो डेकवर सावली धरून बसलेला. पुरुष एकमेकांच्या मिशा बारीक करताहेत, बाया एकमेकींच्या केसांना तेल लावून विंचरताहेत. गोडे पाणी मोजून मिळे. आंघोळीला खारे, आणि खाऱ्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. समुद्राचे पाणी पाक असते, हे दादींना तिथल्या एका शिकलेल्या बाईने समजावले. ती रत्नागिरीकडची होती. तिनेच तलबिया पाठ करून घेतली, एकेक शब्द, दिवसभर. शेजारी एक मलबारी बाई होती. तिची भाषा दोघींनाही येत नव्हती, पण तेल तिच्या डब्यातले खोबरेलच वापरले गेले.

बाकी काम काहीच नव्हते. तसबीह, दुआ, पाण्याकडे बघणे. दुपारी त्या झोपल्या. दिवसा झोपण्याची त्यांना लाज वाटे, पण त्या दिवशी वाटली नाही.

सगळ्या समुद्री हजला असे सोन्याचे पाणी चढवायचे नाही. पावसाळ्यात पडणाऱ्या हंगामात हाच समुद्र जीव काढत असे. त्याही आधीच्या काळात तर जहाजात माणसे कोंबली जात. 1865 मध्ये हजच्या दिवसांत कॉलराची साथ उठली आणि पुढल्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवावी लागली. पुढे येमेनजवळच्या कामरान बेटावर हाजींना अडकवून ठेवत, तपासण्या आणि धुऱ्या देत. कित्येकांना जेद्दा दिसलेच नाही. त्यांचा कफन-दफन समुद्रातच झाला. दादींच्या पिढीला जहाज सुधारल्यावर मिळाले, हे त्यांचे नशीब.

आता एहराम बहुतेक जण मुंबईतच नेसून निघतात, कारण विमानात मीकातची घोषणा होईपर्यंत थांबले तर अरुंद शौचालयापुढे रांग लागते. आणि बाईच्या हातात फोन असतो. आमच्या माहितीतली एक सून उमराहला गेली, तर विमान उतरताच घरून विचारणा: गॅसची नळी कुठे ठेवली? तिने मक्केतून कपाट सांगितले. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया असोत की घरात राबणाऱ्या, त्यांना ‘आज काही करू नकोस’ असे म्हणणारे घर कमीच. जहाजावर ते कुणाला म्हणावेच लागत नव्हते. घर मागे किनाऱ्यावर राहिलेले असे आणि हाक तिथवर पोहोचत नसे. उमराहचे पॅकेज ठरवताना हॉटेल हरमपासून किती पावलांवर आहे ते आपण विचारतो. तिला किती दिवस फोन करायचा नाही, हेही घरच्या पुरुषांनी त्याच बैठकीत ठरवावे.

2018 च्या जानेवारीत समुद्रमार्ग पुन्हा सुरू करायला सौदी सरकारची संमती मिळाल्याची बातमी आली होती. नवी जहाजे दोन-तीन दिवसांत पोहोचवतील, असे तेव्हा सांगितले गेले. मोहल्ल्यातल्या बायांना आम्ही ती वाचून दाखवली. पुरुषांनी भाडे विचारले. एक वयस्क फूफी मात्र म्हणाल्या, “दो दिन का तीन, वो पूछो. तीन होंगे तो अच्छा.”