‘पासून’ या शब्दाचे मोल

वाहन कर्जाच्या अर्जासोबत जी कागदपत्रे जोडली जातात, त्यांत विक्रेत्याचे दरपत्रक, म्हणजे ज्याला सर्वजण कोटेशन म्हणतात ते, हा सर्वांत रूक्ष कागद होय. त्यावर आकड्यांखेरीज काही नसते. तरीही ग्राहकाच्या चेहऱ्यावरील आनंद किंचित मावळतो तो बहुधा हाच कागद वाचताना, असे कोणताही अनुभवी कर्ज अधिकारी सांगेल. जाहिरातीत वाचलेला आकडा आणि कोटेशनच्या तळाशी आलेली बेरीज यांत अंतर असते. विमा, नोंदणी, दहा लाखांवरील मोटारीवर विक्रेत्याने वसूल करावयाचा एक टक्का आयकर, आवश्यक म्हणून दाखविलेले साहित्य, अशी ती बेरीज वाढत जाते. ग्राहकाने मनात धरलेला आकडा मात्र पहिलाच असतो.

वाहन तयार होण्यापूर्वीच त्याची नोंदणी घेण्याची प्रथा विद्युत वाहनांच्या निमित्ताने पुन्हा रूढ झाली आहे. या प्रथेत त्या अंतरात काळाचीही भर पडते. आज ऐकलेली किंमत, उद्या भरलेला बयाणा आणि काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, हाती येणारे वाहन. या मधल्या काळात कंपनीने ग्राहकाशी काय आणि किती बोलावे, हा प्रश्न जितका कंपनीचा तितकाच बँकेचाही आहे, कारण त्या वाहनाचा मोठा हिस्सा अखेर बँकेच्या पैशातून उभा राहतो.

अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण चेन्नईचे आहे. महिंद्र कंपनीने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या दोन नव्या विद्युत मोटारी चेन्नईत जाहीर केल्या. कंपनीचे संशोधन केंद्र चेन्नईजवळच्या महिंद्र वर्ल्ड सिटीत आहे आणि मोटारी तयार होतात आपल्या पुणे जिल्ह्यातील चाकणला. त्या दिवशी सांगितलेल्या किमती होत्या १८.९० लाख रुपयांपासून आणि २१.९० लाख रुपयांपासून. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आकडे आले. ‘पासून’ हा शब्द काही ठिकाणी आला, काही ठिकाणी आला नाही. घरी बसवावयाचा चार्जर आणि तो बसविण्याचा खर्च या किमतीत धरलेला नाही, ही सूचना तर मथळ्यात येण्यासारखी नव्हतीच.

पुढे जानेवारी व फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व प्रकारांच्या किमती खुल्या झाल्या. मोठ्या बॅटरीचा, सर्व सोयींनी युक्त असा प्रकार २६.९० लाख आणि ३०.५० लाख रुपयांना होता. चार्जर हवा तर क्षमतेनुसार पन्नास हजार किंवा पंचाहत्तर हजार रुपये वेगळे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ मोटारींची नोंदणी झाल्याचे कंपनीने जाहीर केले. शोरूम किमतीनुसार त्यांचे मूल्य ८,४७२ कोटी रुपये होते. वाचकांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा. एका मोटारीमागे सरासरी सुमारे २८ लाख रुपये येतात! म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला आकडा अठरा लाख नव्वद हजारांचा आणि प्रत्यक्षात नोंदविलेली सरासरी मोटार त्याहून नऊ लाखांनी महाग.

यात फसवणूक झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी वरचा प्रकार जाणूनबुजून निवडला होता. पहिल्या दिवशी सांगितलेली प्रारंभिक किंमतही कंपनीने पाळली. शिवाय कोणत्या प्रकाराची मोटार कोणत्या महिन्यापासून मिळेल, हे नोंदणी सुरू होण्यापूर्वी सांगितले गेले, ही गोष्ट आपल्या वाहन बाजारात दुर्मीळ म्हणावी लागेल. पण त्याच वेळापत्रकाकडे पुन्हा पाहिले तर दिसते, की सर्वांत महाग प्रकार मार्चपासून मिळणार होता आणि सर्वांत स्वस्त प्रकार ऑगस्टपासून. ज्या आकड्याने गर्दी जमविली, त्या आकड्याच्या मोटारीला रांगेत शेवटचे स्थान. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्य असेल. परंतु ज्या ग्राहकाने अठरा लाख नव्वद हजारांचाच हिशेब मांडला होता, त्याच्यापुढे घोषणेपासून नऊ महिने थांबणे किंवा आठ लाख अधिक देणे असे दोन मार्ग उरले. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी एका लाखाचा मासिक हप्ता सुमारे १,६०९ रुपये होतो. आठ लाखांतील पंधरा टक्के स्वहिस्सा वगळला तरी हप्त्यात जवळपास अकरा हजारांची वाढ होते. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम एका मुलाच्या शिक्षणाची असते.

चार्जर किमतीत आहे की नाही, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु तो याच राज्यात मोठ्या वादाला कारण झालेला आहे. विद्युत दुचाकींचे बरेच मोठे उत्पादन तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात, होसूरच्या परिसरात होते. केंद्र सरकारचे अनुदान मिळण्यासाठी दुचाकीची कारखाना किंमत दीड लाखाच्या आत असणे आवश्यक होते. काही कंपन्यांनी चार्जर वेगळा विकला व त्यामुळे वाहनाची किंमत मर्यादेत राहिली. चार्जरवाचून विजेची दुचाकी म्हणजे पोहऱ्याशिवाय विहीर, हे सरकारच्या लक्षात येण्यास थोडा वेळ लागला. अखेर २०२३ साली ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरोची विडा या कंपन्यांनी ग्राहकांकडून घेतलेले चार्जरचे पैसे परत करण्याचे मान्य केले. ओला आणि एथर या दोघांचीच रक्कम प्रत्येकी शंभर कोटींच्या वर होती. हे पैसे मिळणार असल्याचे कळले तेव्हा ते आपले होते, याची जाणीव अनेक ग्राहकांना प्रथमच झाली असेल.

ओलाने तर १५ जुलै २०२१ रोजी ४९९ रुपये घेऊन नोंदणी सुरू केली तेव्हा किंमत जाहीरच केली नव्हती. ती महिन्याने, १५ ऑगस्टला कळली. चोवीस तासांत एक लाख नोंदणी झाल्याचे कंपनीने सांगितले होते. रक्कम लहान व परत मिळणारी असल्याने कोणाचे आर्थिक नुकसान झाले नाही हे खरे. मात्र किंमत ठाऊक नसताना रांगेत उभे राहण्याची सवय ग्राहकाला लागणे हे काही बरे लक्षण नव्हे.

याउलट नोंदणी कशी घ्यावी याचा एक जुना धडा आपल्या बँकिंग व्यवसायाच्या आठवणीत आहे. तो म्हणजे टाटा नॅनोचा. एक लाख रुपयांत मोटार, हा शब्द श्री. रतन टाटा यांनी दिला होता आणि पोलाद व इतर कच्च्या मालाचे भाव वाढूनही जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी तो जाहीरपणे कायम ठेवला. तोही लाखाचा आकडा कारखान्यातील किमतीचा होता. दिल्लीच्या शोरूममध्ये सर्वांत साधी नॅनो सव्वा लाखाच्या आसपास पडत होती, आणि यावरून तेव्हाही कुरबुर झाली. पण ९ ते २५ एप्रिल २००९ या काळातील नोंदणीची व्यवस्था पाहावी. भारतीय स्टेट बँकेकडे नोंदणीचे व्यवस्थापन होते. दोन लाखांहून अधिक नोंदणी झाली. संगणकाद्वारे सोडत काढून पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड झाली आणि त्यांना जाहीर किमतीचे संरक्षण मिळाले. ज्यांचा क्रमांक लागला नाही, त्यांना पैसे परत घेण्याची मुभा होती. थांबणाऱ्यांच्या ठेवीवर दीर्घ प्रतीक्षेसाठी साडेआठ ते पावणेनऊ टक्के व्याज देऊ केले होते. नॅनोचे पुढे बाजारात काय झाले हा वेगळा विषय आहे. किंमत कोणासाठी बांधलेली आहे, कोणासाठी नाही आणि थांबण्याचा मोबदला काय, हे मात्र अर्ज भरणाऱ्याला आधीच माहीत होते.

अमेरिकेत हाच प्रश्न विजेच्या पिकअप गाड्यांच्या निमित्ताने गाजला. टेस्लाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आपला सायबरट्रक ३९,९०० डॉलरपासून मिळेल असे सांगून शंभर डॉलरवर नोंदणी घेतली. चार वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, पहिल्या गाड्या दिल्या तेव्हा सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत ६०,९९० डॉलर सांगितली गेली आणि तोही २०२५ साली मिळणार होता. रिव्हियन या नव्या कंपनीने १ मार्च २०२२ रोजी पिकअपच्या किमती सुमारे सतरा टक्क्यांनी वाढविल्या, त्याही आधी नोंदणी केलेल्यांसाठी. इतक्या ग्राहकांनी नोंदणी रद्द केली व संताप व्यक्त केला, की दोनच दिवसांनी कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली आणि जुन्या नोंदणीदारांना जुनीच किंमत दिली. फोर्डनेही आपल्या विद्युत पिकअपची प्रारंभिक किंमत मे २०२१ मधील ३९,९७४ डॉलरवरून मार्च २०२३ पर्यंत ५९,९७४ डॉलरवर नेली. परंतु ऑगस्ट २०२२ ची मोठी वाढ ज्यांची मागणी आधीच पक्की झाली होती त्यांना लागू केली नाही. खर्च या सर्व कंपन्यांचे वाढले होते. ग्राहकांचा राग कोणावर, किती व का झाला, याचे उत्तर वाढीच्या आकड्यापेक्षा ती कोणाला लावली व कशी सांगितली यात अधिक सापडते.

आपल्याकडे पिकअप हे हौसेचे वाहन नाही. नाशिकचा कांदा चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात उतरतो आणि तेथून गल्लोगल्लीच्या दुकानांपर्यंत छोट्या मालवाहू गाड्यांतून जातो. अशा गाडीचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. विजेवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्या आता याच शहरातील उद्योगसमूहांकडून येऊ लागल्या आहेत. मुरुगप्पा समूहाच्या मॉन्ट्रा इलेक्ट्रिकने जानेवारी २०२५ मध्ये आपली ‘एव्हिएटर’ १५.९९ लाख रुपयांना जाहीर केली. साध्या डिझेल पिकअपच्या तुलनेत ही रक्कम बरीच मोठी आहे. ती भरून निघायची ती इंधनाच्या बचतीतून, दररोजच्या फेऱ्यांतून. म्हणून या ग्राहकाचा हिशेब शंभर-दोनशे रुपयांचा असतो. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी एका लाखाचा हप्ता सुमारे २,१२५ रुपये होतो. नोंदणीनंतर किंमत लाखभराने वाढली, किंवा चार्जर व वीजजोडणीचा खर्च मागाहून समोर आला, तर दररोज सत्तर रुपये जास्त मिळवावे लागतील, तेही रविवारी व पोंगलच्या सुट्टीत सुद्धा. मोटार घेणारा गृहस्थ खालचा प्रकार निवडून मोकळा होतो. याला तशी सवड नाही.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. बॅटरीचा भाव, विनिमय दर, सरकारी धोरण यांपैकी काहीच त्यांच्या हाती नसते. १ जून २०२३ पासून विद्युत दुचाकींचे अनुदान प्रति किलोवॅट-तास पंधरा हजारांवरून दहा हजार रुपयांवर आले आणि त्याची कमाल मर्यादा किमतीच्या चाळीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आणली गेली. २०२५ साली तामिळनाडूत बॅटरीवरील वाहनांना रस्ता कर पूर्ण माफ होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विद्युत वाहनांवर सहा टक्के कर सुचविला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. अशा स्थितीत दोन वर्षांनंतरची किंमत आज छातीठोकपणे सांगणे कोणालाच शक्य नाही. मान्य. पण मग आकडाही छातीठोकपणे सांगू नये. तो सांगायचाच असेल तर तो कोणत्या तारखेपर्यंत व किती नोंदणींसाठी आहे आणि त्यात काय समाविष्ट नाही, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. बयाणा पूर्ण परत मिळतो, एवढ्यावर समाधान मानणारे विक्रेते एक गोष्ट विसरतात. ग्राहकाचे या काळात पाचशे किंवा एकवीस हजार रुपयेच अडकलेले नसतात. त्याने जुने वाहन विकण्याचे किंवा मुदत ठेव मोडण्याचे ठरविलेले असते. कधी दुसरे वाहन घ्यायचे टाळलेले असते.

आपल्या बँकांनी हे बोलावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. एके काळी कर्जाचा व्याजदर ‘फ्लॅट’ पद्धतीने सांगितला जाई आणि खरा दर त्याच्या जवळपास दुप्पट निघे, हे जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेलच. आता तसे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला, त्याचप्रमाणे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जासाठी, सर्व शुल्क धरून काढलेला वार्षिक दर दर्शविणारे मुख्य तथ्य विवरणपत्र त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या युक्तीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरविले आहे. कर्जासाठी एकपानी विवरणपत्र शक्य झाले, तर वाहनाच्या आगाऊ नोंदणीसाठी ते अशक्य का असावे? विक्रेत्याने नोंदणीच्या दिवशीच चार्जर, जोडणी, विमा व कर धरून अंदाजी एकूण रक्कम लेखी द्यावी. ती बदलली तर वाहन येण्याच्या आधी किमान महिनाभर, कारणासह कळवावे.

तोपर्यंत शाखांमध्ये एक व्यवहार्य काळजी घेता येईल. कर्जमंजुरीची मुदत सहसा काही महिन्यांची असते आणि नोंदणी केलेल्या वाहनाची प्रतीक्षा तिच्याहून लांब असू शकते. ग्राहक नोंदणीची पावती घेऊन आला, की तिच्यावर किंमत लिहिलेली आहे का, हे प्रथम पाहावे. बहुतेक पावत्यांवर केवळ बयाण्याची रक्कम असते. अशा वेळी मंजुरीची घाई न करता पात्रतेचा अंदाज द्यावा. हप्त्याचे गणित जाहिरातीतल्या किमतीवर आणि तिच्याहून पंधरा टक्के अधिक किमतीवर, असे दोनदा मांडून दाखवावे. दुसरा आकडा पाहून ग्राहक नोंदणी रद्द करू म्हणाला, तर ती रद्द कशी करावयाची व पैसे किती दिवसांत परत येतात, हे विक्रेत्याच्या अटींतून त्याला त्याच टेबलावर वाचून दाखवावे.